रेबुनचं वाळवण

टीव्हीवर हवामान सांगणारी मुलगी नकाशावरून हात फिरवते, तेव्हा माझी नजर आपोआप सगळ्यात वरच्या कोपऱ्यात जाते. होक्काइदोच्याही वर, जिथे जपान जवळजवळ संपतो, तिथे समुद्रात दोन ठिपके आहेत. रिशिरी आणि रेबुन. एवढेसे, की सूर्याचं एक चित्र डकवलं तर दोन्ही बेटं त्याखाली झाकून जातात. आज तिथे सूर्य आहे. इथे त्सुकुबात सकाळी सातलाच घामाच्या धारा लागल्यात, झाडांवर सेमी किडे करवत चालवल्यासारखे कर्कश ओरडताहेत, सई शाळेच्या क्लबसाठी सायकल दामटत गेलीय, निखिल त्याच्या संशोधन संस्थेत. मीटिंगसाठी लॅपटॉप उघडायचा आहे, पण मी हातात चहाचा कप धरून त्या सूर्याकडे बघत उभी आहे. आज तिकडे कोंबू वाळत असणार.

चार वर्षं झाली त्या जुलैला. सई तेव्हा अकराची होती. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, त्या चैत्रात पहिल्यांदा जपानला आल्या होत्या. अप्पांना, माझ्या सासऱ्यांना, जाऊन वर्ष झालं होतं. सांगलीच्या फ्लॅटमध्ये एकट्या किती दिवस राहणार, म्हणून निखिल त्यांना जाऊन घेऊनच आला. साकुराची फुलं संपत आली होती. आईंनी गाडीच्या खिडकीतून ती बघितली आणि म्हणाल्या, "छान आहेत." एवढंच.

खरं तर आई बोलक्या. सांगलीला त्यांच्या बिल्डिंगमध्ये चोवीस बिऱ्हाडं, आणि चोवीसही घरांत कुणाला काय दुखतंय ते त्यांना ठाऊक. इथे आमची गल्ली दिवसभर रिकामी. रुंद सरळ रस्ते, ओळीत लावलेली झाडं, आणि माणूस औषधाला नाही. मी घरूनच काम करायचे, पण खोलीचं दार लावून. आई हॉलमध्ये बसून असायच्या. सईशी बोलायला जायच्या, तर ती जपानीत किंवा इंग्रजीत एका शब्दात उत्तर देऊन पुन्हा पुस्तकात. एकदा मला मदत म्हणून आईंनी कचरा नेऊन ठेवला. वार चुकला, वर प्लास्टिक आणि ओला कचरा एकत्र. संध्याकाळी पिशवी होती तिथेच, लाल चिकटपट्टी लावून परत न्यायला सांगितलेली. कुणी काही बोललं नव्हतं, पण आईंनी ती पिशवी उचलून आणली तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "इथे मला साधा कचरासुद्धा टाकता येत नाही गं," त्या म्हणाल्या.

जूनमध्ये त्यांनी निखिलला सांगितलं, "मी आपली जाते सांगलीला. माझा इथे काय उपयोग?" त्याने खूप समजावलं. त्या हलल्या नाहीत. शेवटी जुलैच्या अखेरचं तिकीट काढलं.

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं. त्यांच्या त्या गप्प बसण्याचं ओझं मला दाराआडूनही जाणवायचं.

रेबुनची सहल हिवाळ्यातच ठरलेली होती, आम्हा तिघांसाठी. त्यात आईंचं नाव घातलं. निखिलचं एक आहे, तो सहलीला निघाला की एक्सेल शीट काढतो. सुकोतोन भूशिर नऊ वीस ते नऊ पंचावन्न. सुकाई भूशिर दहा पंचवीस ते अकरा. मधल्या वेळात कंसात 'शौचालय'. त्या कागदाची एक प्रत त्याने आईंनाही दिली. त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवली, वाचली नाही.

विमानाने वाक्कानाई, तिथून दोन तासांची बोट. बोट सुटली आणि धुकं आलं. असं दाट, की डेकवर उभं राहिलं तर खालचं पाणी दिसेना. त्या पाण्यात सतराशे मीटरचा डोंगर उभा आहे, रिशिरीचा, तो कुठे गेला कळेना. निखिल कागद हातात धरून म्हणत होता, "आता उजवीकडे दिसायला पाहिजे." आईंनी शाल घट्ट ओढून घेतली. "असेल," म्हणाल्या, "डोंगर कुठे पळून जातोय."

रेबुनला आम्ही उतरलो होतो एका मिन्शुकूत. कोकणात घरगुती मुक्काम असतो तसं हे, एका कोळ्याचं घर. खाली ते राहतात, वर पाहुण्यांना चार खोल्या. मालकीण फुमिको-सान सत्तरीच्या, कमरेत थोड्या वाकलेल्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. त्यांचे यजमान ताकेओ-सान त्याहून थोडे मोठे, उन्हाने रापलेले, दिवसाला दहा शब्द बोलणारे. घराच्या मागे, समुद्र आणि डोंगरउताराच्या मध्ये, मोठं मोकळं अंगण होतं. बारीक गोल खडी अंथरून सारखं केलेलं. आमच्याकडे धान्य मळायचं खळं असतं तसं. "हे एवढं रिकामं कशाला?" आईंनी खिडकीतून बघून विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं.

आई शाकाहारी. जपानमध्ये साध्या सूपमध्येही माशाचं पाणी असतं, त्यामुळे प्रत्येक वाटीकडे त्या संशयाने बघायच्या. मी सईला सांगितलं, सईने फुमिको-सानना. त्या "हाय, हाय", म्हणजे हो हो, करत आत गेल्या आणि अर्ध्या तासाने आईंसाठी वेगळी वाटी घेऊन आल्या. पारदर्शक सोनेरी पाणी, त्यात बटाटा, तोफू आणि एक मशरूम. आईंनी एक घोट घेतला. थांबल्या. दुसरा घेतला.

"यात काय आहे गं? विचार त्यांना."

फुमिको-सान उठून गेल्या आणि एक हिरवट काळी, कडक, चामड्याच्या पट्ट्यासारखी हातभर वस्तू घेऊन आल्या. टेबलाच्या कडेवर आपटून दाखवली. टक्कन आवाज झाला. कोंबू. समुद्राच्या तळाशी उगवणारी लांबलचक पानं. जुलैत काढतात, मागच्या अंगणात वाळवतात. बस, एवढंच घातलंय, मासा नाही, फुमिको-सानांनी दोन्ही हात हलवून सांगितलं.

आईंनी तो पट्टा हातात घेतला, वास घेतला, कोपऱ्यातून किंचित मोडून जिभेवर ठेवला.

"एका उन्हात वाळवलेलं आहे," त्या म्हणाल्या. "दोन उन्हं दिली की असा वास राहत नाही."

सईने हे कसंबसं जपानीत सांगितलं. फुमिको-सान आईंकडे बघतच राहिल्या. एका दिवसातच वाळावं लागतं, त्या म्हणाल्या, नाहीतर माल बिघडतो. पण हे यांना कसं माहीत?

दुसऱ्या दिवशी पडदा सरकवला आणि मी ओरडलेच. धुकं गेलं होतं. खिडकीच्या बरोबर समोर, निळ्या पाण्याच्या पलीकडे, रिशिरी उभा होता. बेट म्हणजेच डोंगर, डोंगर म्हणजेच बेट. शिखराच्या घळीत जुलैतही बर्फाच्या दोनतीन रेघा. आम्ही चौघं रांगेने खिडकीशी उभे, दात घासायचे राहून गेलेले.

तो दिवस निखिलच्या कागदाप्रमाणे गेला. सुकोतोनला वारा एवढा, की सईची टोपी उडाली आणि आम्ही चौघं तिच्या मागे पळालो, म्हणजे तिघं पळालो, आई हसल्या. कित्येक महिन्यांनी हसल्या असतील. सुकाईला कड्यावरून खाली बघितलं तर पाण्याचा रंग सांगता येईना. काठाशी पिण्याच्या पाण्यासारखं नितळ, तळाचा दगडनदगड मोजावा असं, मग मोरपंखी, मग गडद. मग बेटाच्या दक्षिणेला मांजरासारखा एक खडक पाठमोरा बसलेला, समुद्राकडे बघत. "त्याचं तिकडे काय हरवलंय?" आई म्हणाल्या. मी फोटो काढले. आईंनी एकही पायरी खाली उतरायला नकार दिला. तुम्ही बघून या, मी गाडीत बसते. परत येताना आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. सुंदर जागा बघून माणूस जसा आणखी एकटा होतो, तसा.

तिसऱ्या दिवशी चारलाच ऊन आलं. रेबुनला जुलैत रात्र अशी होतच नाही, मिटल्यासारखी होते आणि उघडते. पाचच्या सुमाराला कुठेतरी भोंग्यावरून घोषणा ऐकू आली, मग बोटींच्या इंजिनांचा आवाज. मी कूस बदलली. सहाला उठले तर आईंची गादी नीट घडी करून ठेवलेली, आई नाहीत.

संडासात नाहीत, खाली नाहीत. दारात त्यांच्या चपला नव्हत्या. परका देश, भाषेचा एक शब्द येत नाही, समोर समुद्र. मी निखिलला हाक मारत मागच्या दाराने धावले आणि तिथेच थांबले.

खळं भरत होतं. ताकेओ-सान बोट लावून हातगाडीवरून कोंबूचे ढीग आणत होते. ओली तपकिरी पानं, दोन दोन माणसांच्या उंचीची, उन्हात काचेसारखी चमकत होती. फुमिको-सान एकेक पान खडीवर सरळ लांबवून ठेवत होत्या. आणि त्यांच्या शेजारच्या ओळीत आई. साडी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, पदर कमरेला, पायात कुणाचे तरी गमबूट, हातात पांढरे सुती हातमोजे. पान झटकायच्या, टोक खडीवर टेकवायच्या, मागे मागे सरकत सोडत जायच्या. एका पानाला दुसरं पान लागू न देता. अगदी तशाच, जशा गच्चीवर कुरडयांच्या ओळी घालायच्या.

"आई! किती घाबरले मी!"

"अगं, बाई एकटी होती," त्या मान वर न करता म्हणाल्या. "सून येते म्हणे दरवर्षी मदतीला, तिचा हात मोडलाय. म्हणजे असं काहीसं हाताने करून दाखवलं तिने. तू बघतेस काय, ते टोक धर. ओढू नकोस, फाटेल."

फुमिको-सान मला बघून कमरेत वाकून माफी मागायला लागल्या. पाहुण्यांना कामाला लावलं, सुमिमासेन, सुमिमासेन. मी काही म्हणायच्या आत आईंनी त्यांना हाताने थांबवलं. "राहू दे हो," त्या मराठीत म्हणाल्या, "ऊन वाया जाईल." आणि भाषा न कळता फुमिको-सानना ते कळलं. दोघी पुन्हा वाकल्या.

निखिल कागद घेऊन खाली आला. सात दहाची बोट होती रिशिरीला जायची, तिथली दोन तळी बघायची होती. त्याने आईकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिला. मग कागदाची घडी करून मागच्या खिशात घातली आणि पँट वर दुमडली.

त्या दिवसाचा वास अजून नाकात आहे. मीठ, लोखंड, ओलं गवत आणि तापत जाणारी खडी. नऊपर्यंत खळ्याला जागा उरली नाही. मग उलटवायचं काम. दुपारी ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, आणि लोणचं, खडीच्या कडेला बसून. सई आधी "यादा, यादा" करत होती, म्हणजे नको नको, पण दोन आज्यांच्या मध्ये दुभाषी हवाच होता. तिला ओढून बसवलं.

"विचार तिला, किती वर्षं करते हे?"

"लग्न होऊन आल्यापासून. अठ्ठेचाळीस."

"माझी एक्केचाळीस," आई म्हणाल्या. "साबुदाण्याच्या पापड्या, सांडगे, कुरडया. सांग."

सई अडली. "आजी, सांडगे म्हणजे?"

मला वाटतं, तिने आजीला मराठीतून विचारलेला तो पहिला प्रश्न. आईंनी बोटं जुळवून खडीवर एक सांडगा घालून दाखवला. मग दुसरा. फुमिको-सानही घालायला लागल्या. तिघी रिकाम्या हवेचे सांडगे घालत बसल्या होत्या आणि ताकेओ-सान, ज्यांनी सकाळपासून चार शब्द उच्चारले असतील, ते खो खो हसत होते.

अडीचच्या सुमाराला तेच अचानक उभे राहिले. त्यांनी रिशिरीकडे बोट दाखवलं. शिखरावर पांढरा ढग बसला होता आणि बघता बघता खाली उतरत होता. त्यांनी एकच शब्द ओरडला. सईने सांगायची गरज नव्हती.

कोंबूला पावसाचा थेंब लागला की पांढरे डाग पडतात, दिवसाची सगळी मेहनत वाया. पानं आता कडक झाली होती, कडेने कापतील अशी. आम्ही धावलो. मी एकेक पान उचलत होते. आई माझ्यावर ओरडल्या, "एकेक काय उचलतेस! ओळ धर, ओळ! निखिल, तू त्या टोकाला जा. सई, तू दार उघडं धर आणि फुमिकोला सांग आत जागा कर." ते आदराचं 'सान' कुठल्या कुठे गेलं. फुमिकोच झाली ती. आणि सगळे ऐकत होते. एका बाजूने आई, दुसऱ्या बाजूने ताकेओ-सान, ओळींच्या ओळी उचलून जुड्या बांधून शेडमध्ये. वारा फिरला. समुद्र राखाडी झाला. माझ्या बोटांना चिरा पडल्या, कळलंही नाही. शेवटची ओळ राहिली होती तेव्हा मोठे, गार थेंब आले. ती एक ओळ भिजली.

शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि आम्ही सहाजण धापा टाकत, मिठाने पांढरे झालेले, एकमेकांकडे बघत होतो. फुमिको-सान हसायला लागल्या. मग आई. मग सगळेच. हसता हसता आईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसण्याचं नव्हतं.

"हे असायचे," त्या म्हणाल्या. "गच्चीवर आभाळ भरून आलं की मी खालून हाक मारायची. पेपर टाकून धावत यायचे. चादरीचं एक टोक मी, एक टोक ते. वळीव यायच्या आत सगळं जिन्यात. एकही दिवस एक पापडी भिजू दिली नाही त्यांनी. यंदा वैशाखात मी काहीच घातलं नाही. दुसरं टोक कोण धरणार?"

वर्षभरात त्या अप्पांबद्दल बोलल्या नव्हत्या. निखिल भिंतीला टेकून उभा होता, मान खाली घालून. सई हळूच म्हणाली, "आजी, वळीव म्हणजे काय?" आईंनी डोळे पुसले आणि तिला सांगितलं. मग सईने ते सगळं फुमिको-सानना सांगितलं, अडखळत, शब्द शोधत. वळिवाला तिने जपानीत काय म्हटलं मला माहीत नाही. फुमिको-सान ऐकत राहिल्या. त्यांनी आईंचे हातमोजे काढले, स्वतःच्या रुमालाने त्यांचे हात पुसले आणि ते हात तसेच धरून बसल्या. पाऊस थांबेपर्यंत.

शेवटच्या दिवशी आई स्वतःहून म्हणाल्या, "ते फुलांचं कुठे ते, तिथे जाऊ." कागदावर ते पहिल्याच दिवशी होतं, धुक्यामुळे राहून गेलेलं. मोमोइवा म्हणजे पीचच्या आकाराचा एक प्रचंड खडक, आणि त्याच्या भोवतीने डोंगराच्या कण्यावरून जाणारी पायवाट. जी फुलं इतरत्र उंच पर्वतांवर, दमछाक करून गेल्यावर दिसतात, ती रेबुनला थंडीमुळे समुद्राच्या काठाशी फुलतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना पिवळी, जांभळी, पांढरी, आणि त्या उताराच्या तळाशी थेट समुद्र. पिंजलेल्या कापसाचं केल्यासारखं एक फूल होतं, खास इथलंच. आई त्याच्यापुढे उकिडव्या बसल्या, हात न लावता. गुडघ्यांची कुरकुर नाही. निखिल आणि सई पुढे गेले होते.

"अनघा," त्या म्हणाल्या, "ते तिकीट पुढे ढकलता येतं का गं? दिवाळीपर्यंत?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, तुम्ही जाणार म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं."

मला वाटलं, आता सगळं संपलं. त्या फुलाकडेच बघत होत्या.

"मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तिकीट काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू शिरा केलास. एरवी तू कधी करतेस?" आणि माझ्याकडे हात पुढे केला. "उठव आता. बसायला सोपं, उठायला नाही."

मी त्यांना उठवलं. हात मात्र त्यांनी सोडला नाही, पायवाट संपेपर्यंत. त्या वाटेवर आम्ही काय बोललो ते मला आठवत नाही. वारा होता, आणि कुठूनतरी चंडोलासारखा एक पक्षी सतत वर वर जात गात होता, एवढं आठवतं.

दुपारची बोट. धक्क्यावर फुमिको-सान आणि ताकेओ-सान दोघंही आले होते, खळ्यावरचं काम टाकून. शेजारच्या घरांतलीही चारपाच माणसं. फुमिको-सानांनी आईंना मिठी मारली नाही, जपानी माणसं मारत नाहीत. आईंनी मारली. बोटीचा भोंगा झाला. आम्ही डेकवर गेलो. दोर सुटले, मधलं पाणी रुंदावायला लागलं. आणि धक्क्यावरची सगळी माणसं दोन्ही हात हलवत, घसा ताणून एकच शब्द ओरडायला लागली.

"इत्तेराश्शाई! इत्तेराश्शाई!"

"काय म्हणताहेत?" आईंनी विचारलं.

"रोज मला शाळेत जाताना मम्मी म्हणते ना, ते," सई म्हणाली. "घरातलं माणूस बाहेर निघालं की म्हणतात. जाऊन ये, असं."

"पाहुण्याला म्हणत नाहीत?"

"नाही. पाहुण्याला सायोनारा. हे फक्त घरच्यांना."

आई कठड्याला धरून उभ्या होत्या. धक्का लहान होत चालला होता, फुलाफुलांचा रुमाल अजून दिसत होता. माझ्या सासूबाई, ज्या चार महिने आमच्या घरात चोरपावलांनी वावरल्या होत्या, त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि सगळी बोट वळून बघेल अशा खणखणीत आवाजात, सांगलीच्या गच्चीवरून खाली हाक मारावी तशी हाक घातली,

"येते गं, फुमिको!"